कोकणातला मतदार मत का देतो, कोणाला देतो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवडणूक जाहीर झाली की तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. मुंबईतल्या चाकरमान्यांचे, पहिल्यांदा मत देणाऱ्या मुलामुलींचे, बंदरावरच्या आणि बागेतल्या माणसांचे. ते इथे एकत्र केले आहेत. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे तीन जिल्हे डोळ्यांसमोर ठेवून उत्तरं दिली आहेत. कायदा आहे तिथे कायदा सांगितला आहे, माझं मत आहे तिथे ते माझं म्हणूनच सांगितलं आहे.

१. माझ्या एका मताने निकाल बदलत नाही. मग रांगेत उभं कशाला राहायचं?

अँथनी डाउन्स या अमेरिकी अभ्यासकाने १९५७ मध्ये हाच हिशेब मांडला होता. एक मत निर्णायक ठरण्याची शक्यता नगण्य, आणि मतदानाला जाण्याचा खर्च मात्र रोख : वेळ, भाडं, बुडालेली मजुरी. नुसता फायदा-तोटा पाहणारा माणूस घरीच बसायला हवा. तरी कोट्यवधी माणसं जातात. १९६८ मध्ये रायकर आणि ऑर्डशुक यांनी या हिशेबात एक रकाना वाढवला : कर्तव्य केल्याचं समाधान.

निकाल अगदीच बदलत नाही असंही नाही. २०१४ च्या लोकसभेला रायगडमध्ये अनंत गीते फक्त २,११० मतांनी जिंकले, तेही सहा विधानसभा मतदारसंघ मिळून. ग्रामपंचायतीच्या प्रभागात तर दोन-चार मतांचे निकाल सर्रास लागतात आणि बरोबरी झाली तर चिठ्ठी काढतात.

पण माझ्या मते माणसं मुख्यतः जातात ती आपण मोजलं जावं म्हणून. २००६ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एक प्रयोग झाला. काही घरांना पत्रं गेली : तुम्ही आणि तुमच्या शेजाऱ्यांनी मागच्या वेळी मत दिलं की नाही ते यात आहे, आणि या वेळचंही कळवू. त्या घरांतल्या मतदानाची टक्केवारी सुमारे आठने वाढली. आपल्याकडे असं पत्र पाठवावं लागत नाही. सकाळी खळ्यात उभं राहून शेजारीण विचारते, "मत देऊन इलंस?" आणि बोटावरची शाई दाखवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. शाळेतल्या केंद्रापर्यंत काठी टेकत जाणाऱ्या म्हाताऱ्या बाईला त्या दिवशी यादीतलं नाव मोठ्याने वाचून आत घेतात. वर्षभर तिला कोणी नावाने हाक मारत नसेल, पण तिथे तिचं नाव लागतं.

२. मत कोणाला द्यायचं ते माणूस नक्की कशावरून ठरवतो?

अभ्यासकांची तीन ढोबळ उत्तरं आहेत. पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० मध्ये ओहायोतल्या ईरी काउंटीत लोकांना महिनोन्महिने पुन्हा पुन्हा भेटून पाहिलं. प्रचारापेक्षा घर, शेजार आणि ओळखीची जाणती माणसं जास्त काम करतात, असं त्यांना दिसलं. मिशिगन विद्यापीठातल्या अभ्यासकांनी पुढे म्हटलं की पक्षाची ओढ लहानपणीच घरातून येते. तिसरं उत्तर साधं आहे : पाच वर्षांत काय मिळालं ते बघून माणूस ठरवतो.

कोकणात तिन्ही एकाच घरात सापडतात. बाप धनुष्यबाण सोडत नाही, मुलगा मोबाइलवर बघून ठरवतो, आणि आई गावात नळ कोणी आणला एवढंच विचारते. जात आहेच : कुणबी, मराठा, भंडारी, आगरी, कोळी, बौद्ध, मुस्लिम, प्रत्येकाची आपली गणितं आहेत. पण जात सांगितली म्हणजे मत सांगितलं, असं समजू नका. एकाच जातीच्या दोन वाड्या पाण्याच्या किंवा पालखीच्या मानाच्या वादावरून दोन पक्षांत गेलेल्या असतात. मला सगळ्यात वजनदार वाटणारी गोष्ट म्हणजे अडीनडीला कोण हाताशी आहे. त्याबद्दल प्रश्न ६ मध्ये.

३. कोकण पूर्वी समाजवाद्यांचं होतं म्हणतात. मग लोक बदलले की पक्ष?

दोन्ही, पण लोक वाटतात तेवढे बदललेले नाहीत.

राजापूर मतदारसंघातून बॅ. नाथ पै १९५७, १९६२ आणि १९६७ असे तीनदा निवडून आले. त्यांच्या निधनानंतर मधू दंडवते १९७१ ते १९८९ या काळात सलग पाच वेळा. १९८४ च्या काँग्रेसच्या लाटेतसुद्धा दंडवते टिकले. तिकडे रायगडात अलिबाग, पेण, उरणचा शेतकरी शेकापला (शेतकरी कामगार पक्षाला) धरून होता. त्यामागे खोतीविरुद्धचा, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या खोतांच्या जमीनदारीविरुद्धचा लढा होता. १९३३ मध्ये चरी गावात कुळांनी जमिनी कसणं थांबवलं, ते कित्येक वर्षं. नारायण नागू पाटील त्या संपाचे पुढारी होते. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मुंबई विधिमंडळात मांडलं. ज्या घरांनी तो काळ काढला, त्यांच्या नातवंडांनाही लाल बावटा परका वाटला नाही.

मग १९९० नंतर वारं फिरलं. दंडवते १९९१ मध्ये हरले आणि १९९६ मध्ये राजापुरातून शिवसेनेचे सुरेश प्रभू निवडून आले. याचं कारण मी मुंबईत शोधतो. लालबाग-परळच्या गिरणीत कोकणी माणूस होता, त्याच्या चाळीखाली शाखा होती. नोकरीचा अर्ज, दवाखाना, भाडेकरूचं भांडण यासाठी तो शाखेत जायचा. गणपतीला गावी येताना तो ही ओळखही घेऊन आला. समाजवाद्यांकडे मोठी माणसं होती, सेनेकडे रोज संध्याकाळी उघडं असलेलं दार होतं. ज्याच्यापर्यंत पोचता येतं त्याला मत द्यायचं, ही मतदाराची रीत दोन्ही काळांत तीच राहिली.

२०२२ नंतर पक्ष फुटले आणि चिन्हं वाटली गेली. २०२४ ला रत्नागिरी-सिंधुदुर्गात लढत कमळ आणि मशाल यांच्यात झाली, यंत्रावर धनुष्यबाण नव्हताच. चिन्ह बघून मत देणाऱ्या जुन्या माणसांना त्या वेळी नवीन चित्र शोधावं लागलं. घराची सवय किती टिकते, ते पुढच्या दोन-तीन निवडणुकांत दिसेल.

४. गावाचं मत मुंबईतले चाकरमानी ठरवतात, हे खरं आहे का?

पूर्वी बरंच खरं होतं, आता निम्मं. मनीऑर्डर यायची तेव्हा पैसे धाडणाऱ्याचा शब्द चालायचा. मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाची बैठक दादर-परळला व्हायची आणि तिथलं ठरलेलं गावात पोचायचं. देऊळ, शाळा, रस्ता यासाठी वर्गणीही तिथूनच. लाझार्सफेल्डना दिसलेली ओळखीची जाणती माणसं (प्रश्न २) आपल्याकडे अशी आठ-दहा तासांच्या अंतरावर बसलेली होती.

आता गावातल्या तरुणाचा स्वतःचा होमस्टे, बोट, जेसीबी असतो. त्याला ठेका, परवाना, डिझेलचा परतावा हवा असतो आणि हे प्रश्न मुंबईतल्या काकांना माहीतही नसतात. तरी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला चाकरमान्यांच्या गाड्या येतात, कारण तिथे दहा-वीस मतांनी सरपंच बदलतो.

५. घर गावाला आहे, नोकरी मुंबईत. नाव कुठल्या यादीत ठेवू? दोन्हीकडे चालेल का?

दोन्हीकडे चालत नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे एका माणसाचं नाव एकाच मतदारसंघात, आणि त्यातही एकदाच. खोटं निवेदन देऊन नाव लावलं तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

कुठे ठेवायचं, तर जिथे तुम्ही ‘सर्वसाधारणपणे राहता’ तिथे. गावी सातबारा आहे, घर आहे, कुलूप लावलेलं आहे, एवढ्यावर तुम्ही तिथले रहिवासी ठरत नाही, हे कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे. उलट घर गावालाच आहे आणि कामासाठी तात्पुरते बाहेर आहात, तर तेवढ्याने गावचा हक्क जात नाही. वादाचे प्रसंग या दोन टोकांच्या मध्ये येतात आणि तिथे मतदार नोंदणी अधिकारी चौकशी करून ठरवतात.

नवीन नावासाठी नमुना ६. पत्ता बदलायला किंवा दुरुस्तीला नमुना ८. नाव वगळायला नमुना ७. वयाची १८ वर्षं मोजण्यासाठी आता वर्षात चार तारखा आहेत : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर.

एक कळकळीचं सांगणं. मुंबईत राहून गावच्या यादीत नाव ठेवलंत आणि मतदानाला आलाच नाहीत, तर तुम्ही दोन्हीकडे गैरहजर राहता. मुंबईत ज्या नळाचं पाणी पिता त्या वॉर्डालाही तुमचं मत हवं आहे.

६. साकव (ओढ्यावरचा छोटा पूल), पाखाडी (पायऱ्यांची वाट), सभामंडप अशा किरकोळ कामांवर मत देणं हा अडाणीपणा नाही का?

नाही. हा प्रश्न बहुतेक शहरातून येतो, म्हणून सविस्तर सांगतो.

डोंगरउतारावरची वाडी डोळ्यांसमोर आणा. खाली पऱ्ह्या म्हणजे ओढा, त्याच्यापलीकडे रस्ता. जूनमध्ये पाणी चढलं की लाकडी साकवाच्या दोन फळ्या पाण्याखाली जातात. शाळेच्या मुलांना मोठी माणसं हाताला धरून पार करतात. रात्री कोणाच्या छातीत दुखलं तर चार जण डोलीतून, बॅटरीच्या उजेडात, बुळबुळीत पाखाडी उतरतात. एकाच्या हातात डोलीचा दांडा, दुसऱ्या हाताने तो झाडाला धरून पाय टाकतो. खाली रिक्षा उभी असेल तर नशीब. अशा वाडीत ज्याने सिमेंटचा साकव बांधून दिला, त्याला मत देणारा माणूस धोरणावरच मत देत असतो. आरोग्य, शिक्षण आणि दळणवळण त्याच्याकडे त्या साकवावरूनच येतं.

आपत्तीच्या वेळी हे आणखी ठळक होतं. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ, मे २०२१ चं तौक्ते, त्याच वर्षी जुलैत चिपळूणचा पूर. पत्रे कोण घेऊन आला, पंचनाम्याला तलाठ्याला कोणी आणलं, मोडलेल्या कलमांची भरपाई कोणी मिळवून दिली, हे लोक विसरत नाहीत.

माझी तक्रार दुसरीकडे आहे. साकव हा हक्क आहे, पण तो उपकार म्हणून दिला जातो. पाटीवर नाव मोठं, काम छोटं. मतदाराने साकवासाठी मत द्यावं, पण दबून देऊ नये.

७. रिफायनरी, अणुप्रकल्प यावर एवढी आंदोलनं होतात. मग निकालात ते का दिसत नाही?

कधी दिसतं, पण निकालाच्या आधीच. २०१९ च्या लोकसभेपूर्वी, मार्च महिन्यात, नाणारच्या रिफायनरीसाठीची भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. मतांची भीती तिथे कामाला आली. एरवी अडचण भूगोलाची असते. नाणार आणि बारसू (रिफायनरी), जैतापूर (अणुप्रकल्प) ही राजापूर तालुक्यातली गावं. रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघ मात्र चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत पसरलेला आहे. ज्याची जमीन जाते त्याच्यासाठी तो जगण्याचा प्रश्न, सावंतवाडीतल्या माणसासाठी ती पेपरातली बातमी. बारसूतलं माती परीक्षणाचं आंदोलन २०२३ मध्ये पेटलं आणि २०२४ ला या प्रकल्पाच्या बाजूने बोलणारे नारायण राणे निवडून आले. याचा अर्थ बारसूच्या लोकांनी संमती दिली असा होत नाही. मतदारसंघाचा निकाल आणि गावाचा कौल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पारंपरिक मच्छीमारांचंही तसंच. पर्ससीन (मोठं घेर टाकणारं जाळं) आणि एलईडीच्या (प्रखर दिव्यांनी मासे ओढणाऱ्या) बोटींवरून किनाऱ्यावर भांडण पेटतं, पण किनाऱ्यापासून पाच मैल आत गेलं की मतदार भात आणि काजूचा असतो.

८. बायका नवऱ्याचं ऐकून मत देतात ना?

कोकणात हा समज सगळ्यात कमी लागू पडतो. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, सिंधुदुर्गात १,०३६. पुरुष मुंबईला, घर-शेती-बाग-बँक बाईच्या हातात. ऐकायला नवरा घरी असतोच कुठे? देशभरातही २०१९ च्या लोकसभेला स्त्रियांच्या मतदानाची टक्केवारी पुरुषांपेक्षा किंचित पुढे गेली.

२०२४ च्या विधानसभेपूर्वी लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये थेट बाईच्या खात्यात आले. त्यावरून ‘बायका विकल्या गेल्या’ असं बोलणाऱ्यांना एकच विचारावंसं वाटतं : बागायतदाराने कर्जमाफी बघून मत दिलं तर तो जागरूक आणि बाईने खात्यातली रक्कम बघून दिलं तर ती विकली गेली, असं का?

९. पाकीट घेतलं. आता त्यालाच मत द्यायला हवं का?

नाही. लाच देणं आणि घेणं दोन्ही गुन्हे आहेत, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे घेऊच नये. घेतलं गेलं असेल तर त्या चुकीवर मत देऊन दुसरी चूक करू नका. वाटणाऱ्यालाही खात्री नसते. समोरचा वाटतोय म्हणून तोही वाटतो. शपथ घ्यायला लावली असेल तर प्रश्न ११.

१०. गावकीने ठरवलं की सगळ्यांनी एकालाच मत द्यायचं. मी वेगळं दिलं तर कळेल का?

तुमचं मत कोणाला कळत नाही. व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद काचेआड दिसते, ती फक्त तुम्हाला, आणि मग आतल्या पेटीत पडते. तिच्यावर तुमचं नाव नसतं. कोणाला मत दिलं ते सांगायला साक्षीदार म्हणून कोर्टातही भाग पाडता येत नाही. मोबाइल आत नेऊन फोटो काढायला सांगितलं असेल तर ‘आत मोबाइल नेऊ देत नाहीत’ हे खरं उत्तर आहे.

पण भीती अगदी निराधार नाही, तेही सांगतो. निकालानंतर केंद्रनिहाय आकडे नमुना २० मध्ये जाहीर होतात. एका केंद्रावर दोन-तीनच वाड्या असतील, तर ‘ठरलं होतं शंभर टक्के आणि बारा मतं फुटली’ एवढं गावाला दिसतं. ती बारा कोणाची ते दिसत नाही. मग तर्क सुरू होतात आणि आधीच भांडण असलेल्या घरावर बोट जातं. अनेक केंद्रांची मतं एकत्र मोजणारं टोटलायझर यंत्र वापरावं, असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने मांडला होता. तो अमलात आलेला नाही. छोट्या वाड्यांसाठी तो यायला हवा असं मला मनापासून वाटतं.

वाळीत टाकण्याची धमकी दिली तर काय? निवडणूक कायद्यात सामाजिक बहिष्काराची धमकी हा गैरवाजवी दबाव मानला आहे. शिवाय महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे : तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. रायगडातल्या वाळीत टाकण्याच्या प्रकरणांमुळे हा विषय राज्यभर गाजला होता. धमकीचा निरोप, बैठकीची नोटीस, व्हॉट्सअॅपवरचा मेसेज जपून ठेवा.

गावकी पालखी नाचवते, शिमगा करते, मयताला खांदा देते. ती मोडावी असं कोणी म्हणत नाही. मत मात्र गावकीच्या अखत्यारीतलं नाही.

११. देवळात नारळावर हात ठेवून शपथ घेतली आहे. ती मोडली तर?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ग्रामदेवतेपुढे घातलेलं गाऱ्हाणं कोकणी माणूस खरं मानतो. म्हणूनच कायद्याने याची वेगळी दखल घेतली आहे : अमक्याला मत दिलं नाहीस तर देवाचा कोप होईल असं मतदाराला भासवणं हे भ्रष्ट आचरण आहे आणि त्यावरून निवडणूक रद्द होऊ शकते. चूक शपथ घालणाऱ्याची आहे. मनाला लागत असेल तर देवळात जाऊन देवालाच सांगा की ती दबावाखाली घेतली होती. गुप्ततेबद्दल प्रश्न १० पाहा.

१२. रस्ता नाही म्हणून गावाने बहिष्कार टाकायचा की नोटा (‘वरीलपैकी कोणीही नाही’चं बटण) दाबायचं?

बहिष्काराची बातमी होते, तहसीलदार धावत येतात, कधी लेखी आश्वासन मिळतं. पण मतमोजणीत गावाचा आकडा शून्य, आणि उमेदवार शून्याला घाबरत नाही. स्वतः मत न देणं हा गुन्हा नाही. दुसऱ्याला अडवणं हा आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर नोटा आलं. लोकसभा-विधानसभेला नोटाला सर्वाधिक मतं पडली तरी दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवारच विजयी. महानगरपालिका, नगरपरिषदा आणि नगरपंचायतींसाठी मात्र महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये नियम बदलला : नोटा पहिलं आलं तर फेरनिवडणूक. म्हणजे नगरपरिषद आणि नगरपंचायतीला नोटाला दात आहेत, विधानसभेला नाहीत.

१३. मे महिन्यात मतदान आलं की फरक पडतो का?

पडतो, दोन्ही बाजूंनी. ७ मे २०२४ ला रायगड आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गचं मतदान होतं. सुट्टीला आलेले चाकरमानी गावात होते, पण त्याच दिवसांत आंबा काढणी, पेट्या भरणं आणि बोटींचा हंगामाचा शेवट. बागेत किंवा कारखान्यात कामाला असाल तर मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी हा कायद्याने दिलेला हक्क आहे. घरात ८५ च्या पुढचं किंवा ४० टक्के अपंगत्व असलेलं माणूस असेल तर नमुना १२ड भरून घरून मत देता येतं. अर्ज अधिसूचनेनंतर पाच दिवसांत द्यावा लागतो, बरेच जण तिथेच चुकतात.

१४. यंत्रावर एकाच नावाचे दोन उमेदवार दिसले. काय करायचं?

फोटो आणि चिन्ह बघा. रायगडमध्ये २०१४ ला गीतेंचे प्रतिस्पर्धी सुनील तटकरे यांच्याच नावाचा एक अपक्ष उभा होता आणि त्याला जिंकणाऱ्याच्या आघाडीपेक्षा कितीतरी जास्त मतं पडली (आघाडीचा आकडा प्रश्न १ मध्ये). ती सगळी चुकून पडली असं सिद्ध करता येत नाही, पण मतदाराने सावध व्हावं एवढं त्यात नक्की आहे. २०१५ पासून यंत्रावरच्या मतपत्रिकेत उमेदवाराचा फोटो असतो. घरातल्या ज्येष्ठांना आदल्या दिवशी क्रमांक, चिन्ह आणि फोटो तिन्ही समजावून सांगा.

१५. केंद्रावर गेलो तर माझ्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलं होतं. आता?

परत फिरू नका. केंद्राध्यक्षांना ओळखपत्र दाखवा आणि ‘प्रदत्त मत’ मागा. मतदार कार्ड हरवलं असेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, रोजगार हमीचं जॉब कार्ड किंवा फोटो असलेलं बँकेचं पासबुक चालतं. तुमची ओळख पटल्यावर यंत्रावर नाही, कागदी मतपत्रिकेवर मत देता येतं आणि ते वेगळ्या पाकिटात बंद होतं. नेहमीच्या मोजणीत ते धरत नाहीत. निकाल न्यायालयात गेला तर ते पाकीट तिथे उघडलं जाऊ शकतं. चाकरमान्यांची नावं असलेल्या याद्यांमध्ये हा प्रकार जास्त संभवतो, कारण कोण येणार नाही ते गावात सगळ्यांना माहीत असतं. म्हणून सकाळी लवकर जा, आणि नाव मुंबईला हलवलं असेल तर गावच्या यादीतून ते खरंच वगळलं गेलं का ते नावानिशी तपासा (प्रश्न ५).